वजनाचा भाव आणि हाताचा भाव



नागपूरला आलेला खेड्यावरचा माणूस इतवारीत पाऊल टाकल्याशिवाय परत फिरत नाही. लग्नाचा बस्ता असो, सोन्याचा मणी असो, की घरचे भांडे असो, पाय इतवारीकडेच वळतात. इथे एकेका मालाची एकेक ओळ आहे. लोखंडाची ओळ वेगळी, सोनारांची वेगळी, भांड्यांची वेगळी. भांड्यांच्या दुकानात गुंड, गंज, पराती यांच्या चळती लागलेल्या असतात. मधोमध काटा असतो. पितळेचे नवे भांडे वजनावर मिळते. जुने भांडेही वजनावरच जाते. त्या जुन्या भांड्याला मोड म्हणतात.

मी याच इतवारीत राहतो. मुलांना शिकवता शिकवता म्हातारा झालो. पण माझ्या हातून एक चूक झाली. ती आज तुम्हांला सांगतो. कारण ती तुमच्याही हातून होऊ शकते.

आईचे माप

माझ्या आईचे माहेर जुन्या चांदा जिल्ह्याच्या पूर्वेला, बस्तरच्या सीमेजवळ. तो भाग १९८२ सालापासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. लग्नात मामाने तिला धान मोजायचे एक पितळी माप दिले होते. दोन्ही ओंजळींत मावेल एवढे. पण त्याची घडण निराळी होती. पितळेचा दोरा काढून कोणी टोपलीसारखे विणले आहे, असे ते दिसे. लहानपणी मी त्या दोऱ्यांवरून बोट फिरवीत असे. दोऱ्याचे टोक शोधीत असे. ते मला कधी सापडले नाही.

पुढे आई गेली. घरात स्टीलची भांडी आली. माप माळ्यावर पडले. काळे-हिरवे झाले. एका दिवाळीला मी जुना गुंड आणि ते माप पिशवीत घातले आणि मोडीत द्यायला निघालो.

पत्नी म्हणाली, “अहो, सासूबाईंचे माप काऊन नेता? राहू द्या ना घरात.”

मी म्हणालो, “आता धान किलोने मोजतात. हे ठेवून काय करायचे?”

दुकानदाराने गुंड आणि माप एकदमच काट्यावर ठेवले. आकडा सांगितला, पैसे मोजून दिले. त्याने वजनात मला फसवले नाही. फसलो तो मीच. मी वजनाचा भाव घेतला. हाताचा भाव मला ठाऊकच नव्हता.

कारागीर भेटला

नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. तिथे हस्तकलेचा मेळा भरतो. गावोगावचे कारागीर आपला माल घेऊन येतात. काही वर्षांनी मी तिथे गेलो. एका दुकानात पितळी हत्ती, देवी, दिवे मांडले होते. आणि एका कोपऱ्यात आईच्या मापासारखेच माप! तसेच दोरे, तशीच विणकर. मी किंमत विचारली. पितळेच्या वजनाच्या कितीतरी पट होती.

मी म्हणालो, “अरे बाप्पा! एवढे पैसे कशाचे?”

कारागीर बस्तरचा होता. त्याची बोली हलबी. हलबीत मराठी शब्द पुष्कळ आहेत, म्हणून आमचे बोलणे जमले. तो हसला आणि म्हणाला, “बसा बाबूजी. कसे करतो ते सांगतो. मग किंमत तुम्हीच ठरवा.”

त्याने जे सांगितले ते असे :

आधी मातीचा गाभा करायचा. वारुळाची माती घ्यायची, त्यात धानाचा कोंडा मिसळायचा, आणि भांड्याच्या पोटाएवढा गोळा करून वाळवायचा.

मग मधमाशीचे मेण घ्यायचे. त्यात राळ घालायची. सोऱ्यातून शेव पाडतात ना, तसा त्या मेणाचा लांब दोरा पाडायचा. तो दोरा गाभ्यावर गुंडाळायचा. एका फेऱ्याला लागून दुसरा फेरा. सगळा गाभा दोऱ्याने झाकला, की त्यावर मेणाचीच वेलबुट्टी घालायची. घाई चालत नाही. उन्हात मेण मऊ पडते, थंडीत तुटते.

त्यावर कोळशाची पूड मिसळलेली बारीक माती लावायची. मग जाड मातीचा थर द्यायचा. एक भोक ठेवायचे. आता मेण दोन मातींच्या मध्ये अडकले.

हा साचा भट्टीत तापला, की मेण वितळून जाते. जिथे मेण होते तिथे पोकळी राहते. त्या पोकळीत पितळेचा रस जातो. पाणी १०० अंशांवर उकळते. पितळ वितळायला सुमारे ९०० अंशांहून अधिक उष्णता लागते. साचा निवला, की फोडायचा. आतून भांडे निघते. ते कानशीने घासून उजळायचे.

तेव्हा मला कळले, की लहानपणी दोऱ्याचे टोक का सापडत नव्हते. दोरा मेणाचा होता. तो जळून गेला आणि त्याच्या जागी पितळ येऊन बसले. सगळे माप एकसंध होते.

आता हिशोब पाहा. पितळ मेणाच्या सुमारे ९ पट जड असते. म्हणून कारागीर आधी मेण तोलतो. मेण १०० ग्रॅम असेल, तर पितळ सुमारे ९०० ग्रॅम लागते. भोकात उरणाऱ्या रसासाठी थोडे जास्त घ्यावे लागते. पितळ कमी पडले, तर भांडे अर्धवट निघते आणि सगळी मेहनत मातीत जाते. आणखी एक गोष्ट. प्रत्येक वेळी साचा फोडावा लागतो. एका साच्यातून एकच वस्तू निघते. म्हणून अशा दोन वस्तू अगदी सारख्या कधी नसतात.

मी विचारले, “पितळ कुठून आणता?”

तो म्हणाला, “मोडीतून! फुटकी भांडी विकत घेतो.”

म्हणजे पितळ तेच. काट्यावर ते मोड असते. या माणसाच्या हाताखालून गेले, की कला होते. मधला फरक हाताचा.

ही विद्या किती जुनी?

या कामाला ढोकरा म्हणतात. बस्तरमध्ये हे काम घडवा जातीचे लोक करतात. कोंडागाव हे त्यांचे मोठे ठिकाण. आज ते छत्तीसगड राज्यात आहे. पण १९४८ ते १९५६ या काळात बस्तर ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी आपले नागपूरच होते.

मेणाच्या साच्याची ही विद्या फार जुनी आहे. मोहेंजोदडो येथे १९२६ साली नाचणाऱ्या मुलीची काशाची मूर्ती सापडली. ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती याच रीतीने ओतली होती.

कलकत्त्याच्या मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) या मोठ्या शिल्पकार. त्या जर्मनीत म्युनिक येथे शिकून आल्या. तरी पुढे बस्तरच्या घडवा कारागिरांपाशी बसून त्यांनी ही विद्या घेतली, आणि तिच्या आधारे दहा फुटांहून उंच अशी सम्राट अशोकाची मूर्ती घडवली. परदेशात शिकलेल्या बाईंना मातीत बसून शिकायला कमीपणा वाटला नाही. कोंडागावचे जयदेव बघेल हे तर घडवा घरातलेच. वडील सिरमन यांच्या हाताखाली ते तयार झाले. त्यांना शिल्पगुरू हा मोठा मान मिळाला.

मोडीत गेली असती तर?

आपल्या महाराष्ट्रातली एक हकीकत ऐका. प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. १९७४ साली तिथे एक भिल्ल बांधव झाडाचे खोड खणत होता. त्याला जमिनीत चार धातूच्या वस्तू लागल्या : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे वजन मिळून ६० किलोंहून जास्त! त्या मोडीत गेल्या असत्या, तर ६० किलोंचे पैसे आले असते आणि संपले असते. त्या सरकारात जमा झाल्या. आज जगभरचे विद्वान त्यांचा अभ्यास करतात, कारण त्या हजारो वर्षांपूर्वीच्या आहेत. जमिनीत असे धन सापडले, तर कलेक्टरांना कळवावे, असा १८७८ सालापासूनचा कायदा आहे.

मेळ्यातून मी तसाच भांड्यांच्या ओळीत गेलो. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, तो माल केव्हाच भट्टीत गेला.” आईचे माप आता कुठल्या तरी नळाच्या तोटीत असेल, नाही तर दाराच्या कडीत.

म्हणून तुम्हांला सांगणे आहे. अडीनडीला भांडे विकावे लागते. त्यात लाज नाही. पण विकण्यापूर्वी ते घासून उजळा आणि नीट पाहा. हाताची कारागिरी दिसली, तर जाणत्याला दाखवा. मोड द्यायचीच असेल, तर काट्यावरचा आकडा स्वतः वाचा आणि चिठ्ठी मागून घ्या.

आणि आणखी एक करा. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरण्याची चाल आहे. आजवर ती तुम्हांला नुसती टिंबे वाटत असतील. आता तुम्हांला वाचता येते. आज घरी गेल्यावर जुना गुंड उजेडात घ्या आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते वाचा. ते वाचूनच काय ते ठरवा.

शब्दार्थ

मोड : वितळवण्यासाठी विकलेले जुने भांडे
गाभा : आतला भाग
राळ : झाडाचा चिकट डिंक
एकसंध : जोड नसलेले
कानस : धातू घासण्याचे हत्यार

सांगा पाहू

१. गुरुजींना लहानपणी दोऱ्याचे टोक का सापडले नाही?
२. मेण २०० ग्रॅम असेल, तर पितळ सुमारे किती लागेल?
३. अशा दोन वस्तू अगदी सारख्या का नसतात?
४. तुमच्या घरातील एका भांड्यावरचे नाव वाचा आणि वहीत लिहून आणा.