न आढळलेली नोंद : मुक्ताईनगरच्या निमित्ताने

अंकीय माध्यमांचा अभ्यास पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला वेग शिकवितो, असा समज आहे. मुक्ताईनगरचे उदाहरण घेतल्यास तो अपुरा ठरतो. संत मुक्ताईंच्या नावाने आज ओळखले जाणारे हे गाव पूर्वी एदलाबाद होते. प्रतिभा पाटील यांनी १९६७ पासून १९८५ पर्यंत विधानसभेत प्रतिनिधित्व केले, तो मतदारसंघही एदलाबाद याच नावाचा. २००९ च्या निवडणुकीपासून तो मुक्ताईनगर झाला. साहजिकच केवळ आजच्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती ही कारकीर्द लागेलच असे नाही. गावाने जुने नाव टाकले, कागदपत्रांनी नव्हे.

दुसरी अडचण लिपीची. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी बराच मराठी मजकूर विशिष्ट फाँटमध्ये साठविला गेला. पडद्यावर देवनागरी दिसली, तरी संगणकाच्या लेखी ते रोमन चिन्हांचे संकेतांक असतात. शब्द डोळ्यांसमोर असूनही शोधात सापडत नाही.

म्हणून 'नोंद आढळली नाही' या उत्तराचा 'घटना घडली नाही' असा अर्थ लावून बातमी लिहिणे ही गंभीर चूक होय. अशा वेळी विद्यार्थ्याला ग्रंथालयातील जुन्या अंकांच्या बांधीव संचांकडे वळावे लागते. तेथे जुने नाव ठाऊक नसले, तरी तारखेवरून पाने उलटता येतात.