गोट्यांच्या मातीचं गणित

सॉइल मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला चाळण्या हलवून झाल्या, की सर्वात वरच्या चाळणीत उरलेल्या खड्यांचं आपण वजन करतो, आकडा जर्नलमध्ये लिहितो आणि मोकळे होतो. खडा पाणी धरत नाही, त्याला चिकटपणा नाही, मग त्यात अभ्यास करण्यासारखं ते काय? या वर्षी सेमिनारसाठी मी वाळवंटातल्या गोटेमिश्रित मातीचा विषय घेतला. वाचत गेलो तसं एकेक उलगडत गेलं. हे खडे स्वतः काहीच करत नाहीत, फक्त जागा अडवून बसतात. पण मातीत चुना किती लवकर साठणार, पाणी किती राहणार आणि गवत टिकणार की नाही, हे त्यावरच ठरतं. ते कसं, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

जागा कुठली?

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात रिओ ग्रांदे नदीच्या काठी लास क्रूसेस नावाचं शहर आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम 200 ते 250 मिलिमीटर. आपल्या कोकणात जुलैच्या एखाद्या दिवशीच तेवढा पडून जातो! शहराभोवती ऑर्गन, डोन्या आना असे डोंगर आहेत. त्यांचा बराच भाग रायोलाइट या खडकाचा असून तो सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून तयार झाला. आपला सह्याद्रीचा बेसाल्टही ज्वालामुखीचाच. फरक एवढाच, की बेसाल्टमध्ये कॅल्शियम भरपूर असतं, तर रायोलाइटमध्ये सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम अगदी थोडं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कधीतरी जोराची सर आली की या डोंगरांतून गोटे, वाळू, गाळ असं सगळं एकदम खाली येतं आणि पायथ्याशी पसरतं. भूगोलात आपण शिकलेली पंखाकृती मैदानं ती हीच. लाखो वर्षांत असे अनेक थर पडले; काही जुने, काही नवे. यावर शेती होत नाही, गुरं चरतात. 1957 ते 1972 या काळात अमेरिकेच्या मृदासंधारण खात्याने इथे 'डेझर्ट प्रोजेक्ट' नावाचा मोठा अभ्यास केला. रॉबर्ट रूही, लेलँड गाइल, जॉन हॉली, रॉबर्ट ग्रॉसमन ही त्यातली प्रमुख नावं. चर खणायचे, थर मोजायचे, नमुने प्रयोगशाळेत तपासायचे, असं काम पंधरा वर्षं चाललं.

चुना आला कुठून?

या जमिनीत थोडं खणलं की पांढरा थर लागतो. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफस होते, म्हणजे तो कॅल्शियम कार्बोनेट. तिकडे याला 'कॅलिची' म्हणतात. आता प्रश्न असा, की डोंगर रायोलाइटचा, त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही, मग एवढा चुना आला कुठून?

उत्तर आहे, आकाशातून! वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीत चुना असतो आणि पावसाच्या पाण्यातही थोडं कॅल्शियम विरघळलेलं असतं. पाऊस पडला की मुळांजवळच्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्ल होतं, धुळीतला चुना विरघळवतं आणि खाली घेऊन जातं. पण पाऊसच इतका कमी, की पाणी थोड्याच खोलीपर्यंत पोचतं. तिथे मुळं ते शोषून घेतात, काही वाफ होऊन जातं आणि चुना मागे राहतो. कोकणात धो धो पाऊस सगळं धुऊन नेतो, म्हणून तिथल्या जांभ्यात असा थर सापडत नाही.

चार पायऱ्या

गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी 1966 मध्ये हा चुना साठण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. गोट्यांच्या मातीत त्या अशा दिसतात :

पहिली : गोट्यांवर पातळ पांढरा लेप.
दुसरी : लेप जाड होतो, गोट्यांमधली काही जागा भरते.
तिसरी : बहुतेक पोकळ्या भरतात, थर बुजून जातो.
चौथी : पाणी खाली जाईना, म्हणून बुजलेल्या थराच्या वर चुन्याचे सपाट पापुद्रे तयार होतात.

गोटे नसलेल्या मातीत सुरुवात पांढऱ्या धाग्यांनी होते, मग चुनखडीचे गोळे तयार होतात आणि शेवटी तोही थर बुजतो. गंमत अशी, की एकाच वयाच्या दोन थरांत गोट्यांचा थर आधी बुजतो. का? इथे आपलं गणित कामाला येतं.

एक घनमीटर माती घ्या. गोटे नसतील आणि सच्छिद्रता 40 टक्के असेल, तर पोकळी 0.40 घनमीटर. आता त्यात आकारमानाने 60 टक्के गोटे आहेत असं धरा. बारीक माती उरली 0.40 घनमीटर आणि तिच्यातली पोकळी फक्त 0.16 घनमीटर. म्हणजे भरायची जागा अडीच पटींनी कमी! चुन्याची घनता घनमीटरला 2.7 टन धरली, तर अर्धा मीटर जाडीचा थर बुजवायला पहिल्या मातीत दर चौरस मीटरला सुमारे 540 किलो चुना लागेल, दुसरीत 216 किलो. वर्षाला चौरस मीटरमागे 2 ग्रॅम चुना साठतो असं मानलं, तर पहिल्या मातीला 2 लाख 70 हजार वर्षं लागतील, दुसरीला 1 लाख 8 हजार. हे ढोबळ गणित आहे, कारण सगळी पोकळी कधीच भरत नाही. पण त्यातून वेळेचा अंदाज येतो.

गवताचं काय?

हेच गणित पाण्याला लावून बघा. बारीक माती आकारमानाच्या 12 टक्के पाणी झाडांसाठी धरते असं समजू. वरच्या 30 सेंटिमीटरमध्ये, गोटे नसतील तर 36 मिलिमीटर पाणी मावतं. 60 टक्के गोटे असतील तर 14 मिलिमीटरच्या आसपास. त्याखाली बुजलेला चुन्याचा थर असेल, तर गवताची मुख्य शिल्लक एवढीच. त्यातली निम्मी माती वाहून गेली, तर उरतं 7 मिलिमीटर.

हे नुसतं कागदावरचं नाही. लास क्रूसेसच्या उत्तरेला होर्नादा नावाचं चराऊ कुरणांचं संशोधन क्षेत्र 1912 मध्ये सुरू झालं. तिथल्या 1858 सालच्या जमीन मोजणीच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्यानुसार निम्म्याहून जास्त भागात झुडपं नव्हतीच, 'ब्लॅक ग्रामा'सारखं गवत होतं. 1963 पर्यंत झुडपांविना असा भाग उरला नाही. अति चराई आणि दुष्काळ ही त्याची मोठी कारणं मानली जातात. वाळूच्या जमिनीत मेस्किट पसरलं (आपल्या वेड्या बाभळीचं भाऊबंद!) आणि गोट्यांच्या उतारांवर क्रिओसोट नावाचं झुडूप. 1990 मध्ये श्लेसिंगर आणि सहकाऱ्यांनी त्यापुढची साखळी मांडली : झुडपाखाली माती आणि अन्नद्रव्यं गोळा होतात, दोन झुडपांमधली जमीन उघडी पडते, तिथली माती वारा-पाणी नेतं आणि गवताला परत यायला जागाच राहत नाही.

वर राहिलेले गोटे उरलेल्या मातीला झाकून थोडं संरक्षण देतात, हे खरं. पण गेलेली बारीक माती परत कशी आणणार? तिचा बराचसा भाग धुळीच्या रूपाने हजारो वर्षांत कणाकणाने आलेला. बंधारा वर्षभरात बांधून होतो. हा थर कोणत्याही टेंडरमध्ये बसत नाही.

आपण काय घ्यायचं?

आपल्या आय. एस. 1498 प्रमाणे 4.75 ते 80 मिलिमीटरचा तो गोटा, तर अमेरिकन मृदा सर्वेक्षणात 2 ते 75 मिलिमीटरचा. आपण चाळणीवर वजनाची टक्केवारी काढतो, ते आकारमानाची. शिवाय मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत बहुतेक चाचण्या 2 मिलिमीटरखालच्या मातीवर होतात. म्हणजे रिपोर्टमध्ये '12 टक्के पाणी' आलं, तरी जागेवर ते पाचच टक्के असू शकतं. पाझर तलाव असो, गवताचं कुरण असो किंवा मुरमाड माळावरची झाडं लावण्याची योजना असो, गोट्यांचा हिशेब धरला नाही तर कागदावरचं पाणी जमिनीत सापडणार नाही.

म्हणून पुढच्या प्रॅक्टिकलला वरच्या चाळणीतले खडे फेकण्याआधी त्यांचं आकारमान काढून बघा. पाण्याने भरलेलं एक मोजपात्र पुरेल. आणि एखाद्या खड्यावर पांढरा लेप दिसला, तर त्यावर आम्लाचा थेंब नक्की टाका!