चित्रफितीतील रेषांचा हिशेब

व्यापारी मनुष्य वेष्टनावरील आकडा आतील मालाशी ताडून पाहतो. कॅमकॉर्डर घेताना मात्र आम्हीही फसलो. जेव्हीसीने २००३ साली ७२० रेषांचा ‘प्रोग्रेसिव्ह’, तर सोनीने २००४ साली १०८० रेषांचा ‘इंटरलेस्ड’ घरगुती कॅमेरा आणला. आकडा मोठा म्हणून आम्ही १०८० घेतला. त्यात एकाआड एक अशा ५४० रेषा आधी व उरलेल्या १/५० सेकंदानंतर टिपल्या जातात. स्थिर मंडप उत्तम दिसतो. वरातीत नाचणाऱ्याच्या हातास मात्र संगणकावर कंगव्यासारखे दाते फुटतात. त्या ‘प्रोग्रेसिव्ह’मध्ये दाते नसत, पण सेकंदास चित्रे थोडी असल्याने हालचाल किंचित अडखळे. पुढे फीत संगणकावर उतरविणाऱ्याने दाते घालविण्यासाठी अर्ध्या रेषाच गाळल्या! मूळ फीत कपाटात होती, म्हणून कन्येच्या विवाहाचे चित्रण वाचले.