घरातील सुटी नाणी आणि त्यांचा विनियोग

दिल्लीतील बहुतेक मराठी घरांत फडताळाच्या एका कोपऱ्यात नाण्यांनी भरलेली बरणी असते. भाजीवाल्याने परत दिलेले दोन रुपये, डेअरीच्या बूथवरून आलेला रुपया तिच्यात पडतो आणि सहसा बाहेर येत नाही. एकीकडे दुकानदार सुट्या पैशांसाठी अडून बसतात व दुसरीकडे घरोघरी बरण्या भरत राहतात, ही विसंगतीच म्हणावी लागेल.

नाण्यांच्या घरगुती उपयोगांबाबत अनेक युक्त्या सांगितल्या जातात. बाहेरगावी जाताना पेल्यात गोठवलेल्या बर्फावर नाणे ठेवावे. परतल्यावर ते तळाशी दिसल्यास मधल्या काळात वीज बराच वेळ गेली होती व शीतकपाटातील अन्न टाकून देणे बरे, असे समजावे. युक्ती उत्तम आहे; परंतु तिच्यासाठी नाणेच हवे असे नाही, धातूचे बटणही तेच काम करते. नाणेनिर्मिती अधिनियम, २०११ नुसार नाणे वितळविण्यास, नष्ट करण्यास, इतकेच नव्हे तर विनिमयाखेरीज अन्य कारणासाठी वापरण्यासही मनाई आहे. तेव्हा भोक पाडून पडद्याला वजन म्हणून शिवणे किंवा वॉशरऐवजी बसविणे सर्वथा टाळावे.

बरणी रिकामी करण्याची पहिली पायरी म्हणजे वर्गवारी. येथे एक फसगत संभवते. १९९२ नंतरचे, परंतु २०११ पूर्वीचे एक रुपयाचे पोलादी नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे आहे. २०११ च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणेही नेमके तेवढेच! त्याच मालिकेतील रुपया ३.७९ ग्रॅमचा, म्हणजे जुन्या पन्नास पैशांच्या पोलादी नाण्याइतका. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या मालिकेत तो आणखी घटून ३.०९ ग्रॅमवर आला. म्हणून केवळ हाताच्या अंदाजावर न विसंबता अंक वाचूनच ढीग करावेत. एकाच मालिकेची नाणी वेगळी काढल्यावर मात्र स्वयंपाकघरातील तराजू मोजणीचे काम झटपट करतो : २०११ च्या मालिकेतील शंभर रुपये ३७९ ग्रॅम भरतात.

हे काम मुलांकडे सोपविण्याजोगे आहे. सालाखाली बारीक ठिपका असलेले नाणे शेजारच्या नोएडा टांकसाळीचे, चौकट चिन्हाचे मुंबईचे, चांदणीचे हैदराबादचे व चिन्हरहित नाणे कोलकात्याचे, हे कळले की गणिताबरोबर भूगोलही साधतो. लोहचुंबक फिरविल्यास पोलादी नाणी चिकटतात, निकेल-पितळेची पाच रुपयांची चिकटत नाहीत. यमुनेच्या पुलावरून भाविकांनी टाकलेली नाणी दोरीला चुंबक बांधून वेचणारी मुले याच गुणधर्मावर आपली कमाई करतात.

वर्गवारी झाल्यावर रुपयाची नाणी लगेच बँकेत नेण्याची घाई नको. दिल्लीत लग्नकार्यात ‘शगुन’ म्हणून १०१ वा ५०१ देण्याची रीत असून त्या वरच्या रुपयासाठी पाकिटावर नाणे चिकटविलेले असते. सत्यनारायणाच्या पूजेतही विड्यावर नाणे लागतेच. असे पंचवीस-तीस रुपये घरात राहू द्यावेत.

उरलेली नाणी शाखेत भरता येतात किंवा बदलून घेता येतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कोणतीही शाखा ती नाकारू शकत नाही आणि खात्यात भरण्यावर मर्यादाही नाही. एक व दोन रुपयांची नाणी शंभर-शंभरच्या पारदर्शक पिशव्यांत नेल्यास रोखपालाचे व रांगेतील इतरांचेही श्रम वाचतात. मर्यादा आहे ती देणे फेडताना : रुपया व त्यावरील नाणी १,००० रुपयांपर्यंत, तर पन्नास पैसे १० रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन ठरतात. पन्नास पैशांचे नाणे बाद झालेले नाही. २५ पैसे व त्याखालील नाणी मात्र ३० जून २०११ पासून चलनातून गेली. दहा रुपयांच्या नाण्याविषयीही शंका घेतली जाते. वेगवेगळ्या कालखंडांतील त्याचे १४ नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले आहे. रुपयाचे चिन्ह नाही एवढ्या कारणावरून ते कोणी परत करू नये आणि ग्राहकानेही मुकाट्याने परत घेऊ नये.