'त्याला' कीं 'त्याचें'?

इंग्रजी निबंधाच्या वहींत तांबड्या शाईची खूण हमखास जेथें पडते, असें एक स्थळ आज पाहूं.

'आय डोन्ट लाइक हिम शाउटिंग' असें लिहावें, कीं 'आय डोन्ट लाइक हिज शाउटिंग' असें? 'हिम' हें द्वितीयेचें रूप, 'हिज' हें षष्ठीचें. निर्णयासाठीं दूर जावयास नको. आपल्या मातृभाषेसच विचारावें. 'मला त्याचें ओरडणें आवडत नाहीं,' असें आपण म्हणतों. 'ओरडणें' हें धातुसाधित नाम आहे, व नामाशीं असलेला संबंध षष्ठीनें दाखवावयाचा असतो. येथें इंग्रजी 'शाउटिंग' हेंही तसेंच नाम आहे, म्हणून 'हिज'. नावड ओरडण्याची आहे, ओरडणाऱ्याची नव्हे.

आतां हें वाक्य घ्या : 'आय सॉ हिम क्रॉसिंग द निर्गुडा.' मराठींत आपण म्हणूं, 'मीं त्याला निर्गुडा ओलांडतांना पाहिलें.' येथें पाहिलें तें त्या मनुष्यास. 'ओलांडतांना' हा शब्द त्याची त्या वेळची स्थिति दाखवितो. म्हणून 'हिम'. सारांश, मराठींत 'णें' आल्यास बहुधा षष्ठी, 'तांना' आल्यास द्वितीया.

'ऑफ'सारख्या शब्दापुढें मात्र अनेकांची फसगत होते; तेथें द्वितीयाच हवी असें वाटतें. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० सालीं वणी येथें झाला. त्यांच्याविषयीं 'वुई आर प्राउड ऑफ हिज बीइंग बॉर्न इन वणी' असेंच लिहावें. कारण 'ऑफ'चा संबंध 'जन्मण्या'शीं आहे, नुसत्या सर्वनामाशीं नाहीं.

या प्रश्नावर पंडितांतही मतभेद झाला. १९०६ सालीं फौलर बंधूंनीं 'द किंग्ज इंग्लिश' या ग्रंथांत 'हिम'चा असा प्रयोग सदोष ठरविला. पुढें डॅनिश भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनीं थोर ग्रंथकारांच्या लेखनांतील दाखले देऊन त्याचा कैवार घेतला. आज बोलण्यांत 'हिम' सर्रास चालतें व त्यास कोणी अशुद्ध म्हणत नाहीं. परंतु अर्ज, निबंध व परीक्षा यांत 'हिज' लिहिणेंच श्रेयस्कर. वस्तुवाचक किंवा लांबलचक नामांस मात्र षष्ठी ओढूनताणून लावूं नये. 'द ट्रेन बीइंग लेट' हेंच स्वाभाविक वाटतें.

अभ्यासार्थ पुढील वाक्यांचें इंग्रजी भाषांतर करून कारण द्या : (१) आपल्या येण्यानें आम्हांस आनंद झाला. (२) मीं तिला गातांना ऐकलें. (३) माझ्या उशिरां येण्याची क्षमा असावी.

तिसरें वाक्य पुष्कळांच्या उपयोगीं पडेल!