सोनोग्राफीच्या कागदावर अंगठा देण्याआधी

मैत्रिणींनो, बैठकीत गर्भलिंग निदानाच्या कायद्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, यात पहिली अडकणार ती बाईच ना? टेबलावर तर तीच झोपलेली असते." प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे, पण ते तिथे आपोआप आलेलं नाही. म्हणून या महिन्याच्या अभ्यासाला हाच विषय घेतला. हा कायदा मागितला कुणी, त्याला विरोध कुणी केला आणि आपल्या बाजूचं त्यात काय आहे?

आपल्या सासवांच्या काळात, म्हणजे १९८० च्या आसपास, गर्भजल तपासणी आली. पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढायचं, आणि बाळाला काही गंभीर आजार आहे का ते बघायचं, यासाठी ती तपासणी. पण त्यातून मुलगा की मुलगी तेही कळायचं. केंद्र सरकारने १९७८ मध्ये सरकारी दवाखान्यांत लिंग बघण्यासाठी ती करायला बंदी घातली. खाजगी दवाखाने मात्र मोकळेच राहिले. आत्ता थोडे पैसे खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड उघड लागायच्या.

त्या वेळी डॉ. संजीव कुळकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठून विचारलं. त्यातल्या ४२ जणांनी सांगितलं, हो, आम्ही लिंग बघून देतो. लपवायचं कशाला, गुन्हाच नव्हता तो! हे आकडे बाहेर आले ते एका डॉक्टरमुळे, आणि तेही स्वतःच्या व्यवसायाबद्दल. मला हे मोठं वाटतं. आपल्याच गटातल्या बाईची चूक बैठकीत बोलून दाखवायला किती जड जातं, ते आपल्याला ठाऊक आहे.

मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, वैज्ञानिक, वकील यांनी एकत्र येऊन मंच उभा केला. मोर्चे काढले, आमदारांना भेटले. शेवटी १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंग निदानाविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. पण ज्यांनी कायदा मागितला होता तेच त्यावर नाराज झाले. चाचणी करून घेणाऱ्या बाईलाही त्यात शिक्षेच्या कक्षेत ठेवलं होतं. शिवाय राज्याची हद्द ओलांडली की कायदा संपला. मग मागणी दिल्लीला गेली. १९९४ मध्ये संसदेने देशाचा कायदा केला, तो १९९६ पासून लागू झाला.

लागू झाला, पण हलला नाही. सोनोग्राफीची मशिनं मात्र तालुक्या-तालुक्यांत पोचली. २००० साली मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' (पुरंदर तालुक्यातल्या बायांसोबत काम करणारी) आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारांना कामाला लावलं आणि २००३ मध्ये कायदा दुरुस्त होऊन कडक झाला. तरी आकडे बघा. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ ला ८०७.

आता डॉक्टरांची दुसरी बाजू. गरोदर बाईची सोनोग्राफी करताना 'एफ' नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात तिचं नाव, पत्ता, आधीची मुलं, तपासणीचं कारण. डॉक्टरांच्या संघटनांचं म्हणणं असं की, एखादा रकाना चुकून राहिला तरी आमच्यावर गुन्हा होतो, हा अन्याय आहे. २०१६ मध्ये सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी देशभर बंद पुकारला. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना न्यायालयात गेली. प्रामाणिक डॉक्टरला कागदांचा त्रास होतो, हे खोटं नाही. पण विचार करा. मुलगा की मुलगी हे सांगणारा कधी लिहून देतो का? कानात सांगतो, नाहीतर बोटानं खुणावतो. साक्षीदार नाही, पुरावा नाही. मागे राहतो तो फक्त फॉर्म. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये हेच धरलं, की फॉर्म नीट न भरणं ही नुसती कारकुनी चूक नाही.

आता बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तर. आजच्या कायद्यात न्यायालय असं धरून चालतं की बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली. तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर. जबरदस्ती झालेल्या बाईला शिक्षा नाही. डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. तपासणी करायला लावणाऱ्या नवऱ्याला, सासूला, दिराला, कुणालाही ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. 'एफ' फॉर्मवर खाली बाईचं निवेदन असतं, की मला लिंग जाणून घ्यायचं नाही. ते वाचून घेतल्याशिवाय, वाचता येत नसेल तर कुणाकडून ऐकल्याशिवाय, अंगठा देऊ नका.

एक गोष्ट इथे घोळवू नका. लिंग बघणं गुन्हा आहे. गर्भपात हा गुन्हा नाही. तो १९७१ च्या वेगळ्या कायद्याने, ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या कारणांसाठी, मान्यताप्राप्त ठिकाणी करता येतो. अठरा पूर्ण झालेल्या बाईला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही नाही. 'मुलगी वाचवा'च्या भीतीने बाईला दारातूनच परत पाठवलं, तर ती भोंदूकडे जाते आणि जिवाला मुकते.

तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. कारवाई झाली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक, म्हणजे आपला ग्रामसंघसुद्धा, थेट न्यायालयात जाऊ शकतो.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गटातल्या दोघींनी जवळच्या सोनोग्राफी केंद्रात जाऊन यावं. 'येथे लिंग निदान केले जात नाही' ही पाटी मराठीत, दिसेल अशी लावली आहे का, ते बघायचं. कायद्याची प्रत मागायची. ती तिथे ठेवणं केंद्राला बंधनकारक आहे. मिळाली की नाही, काय उत्तर आलं, ते तारखेसह गटाच्या इतिवृत्तात लिहून आणा.