घर गहाण न ठेवता ठेकेदारी

सिव्हिलचा डिप्लोमा झालेला मुलगा ‘नोकरी नको, कामं घेतो’ म्हणाला की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा घराचे कागद येतात. बँक फ्लॅट तारण मागणार, नाहीतर वडिलांची जामीनदार म्हणून सही. नेमक्या याच अडचणीसाठी केंद्र सरकार आणि सिडबी यांनी २००० साली सीजीटीएमएसई हा ट्रस्ट स्थापन केला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला बँकेने तारण आणि तिसऱ्याचा जामीन न घेता कर्ज दिलं आणि ते थकलं, तर ठरावीक वाटा ट्रस्ट बँकेला भरून देतो. एप्रिल २०२५पासून मर्यादा १० कोटींची आहे. नवख्या ठेकेदाराला एवढे लागत नाहीत; सेंट्रिंगच्या प्लेटा, मिक्सर, व्हायब्रेटर आणि दर आठवड्याचा मजुरांचा पगार भागला की पुष्कळ.

घोळ होतो तो हमीच्या अर्थाचा. हमी बँकेला असते. १० लाख थकले आणि हमी ७५ टक्के असली, तर बँकेला साडेसात लाख मिळतील. तुमच्याकडची वसुली मात्र चालूच राहील, सिबिल बिघडेल ते वेगळंच. शिवाय हमीचं वार्षिक शुल्क बहुधा कर्जदाराच्याच खात्यातून जातं. ‘सरकारी कर्ज आहे, माफ होईल’ म्हणणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्यावा, सल्ला घेऊ नये.

छोट्या ठेकेदाराला खरा मार बसतो तो अडकलेल्या बिलाचा. समजा, १० लाख गुंतवून काम केलं, नफा एक लाख, आणि सगळा पैसा १२ टक्के व्याजाचा. बिल सहा महिने रखडलं की ६० हजार व्याजातच गेले. वर बिलातून कापलेली अनामत दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत सुटत नाही. हे गणित न मांडता कर्ज काढणारा मुलगा कितीही हुशार असो, त्याला थांबवावं.

म्हणून डिप्लोमा झाल्या झाल्या फर्म काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोनेक वर्षं एखाद्या ठेकेदाराकडे काढावीत, त्यातली निम्मी तरी बिलिंगच्या टेबलावर. मोजमाप पुस्तकात नोंद कशी होते, दरसूचीतल्या दरात आणि बाजारभावात कुठे मार खावा लागतो, रनिंग बिल कुठे थांबतं, हे तिथेच कळतं. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या छोट्या कामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी ठरावीक वाटा ठेवलेला आहे. त्याच्या नोंदणीची चौकशी याच काळात करून ठेवावी.

बँकेत जाण्याआधी उद्यम नोंदणी, वेगळं चालू खातं आणि हातातले कार्यारंभ आदेश हवेत. यंत्रांसाठी मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट, असं वेगवेगळं मागावं. कॅश क्रेडिटमधून मिक्सर घेतला की पगाराच्या दिवशी हात रिकामे. निविदेसाठी लागणारी बँक गॅरंटीही या हमीत बसू शकते, हे शाखेत विचारावं. आणि वडिलांना जामीनदार म्हणून सही करायला सांगितलं, तर कर्ज सीजीटीएमएसईखाली आहे की नाही हे सहीआधी स्पष्ट करून घ्यावं.

महिला उद्योजकांना हमी ९० टक्क्यांपर्यंत मिळते, म्हणून आईच्या नावावर फर्म काढायची टूम निघते. आई स्वतः व्यवसाय पाहणार असेल तर उत्तमच. नुसतं नाव असेल तर थकल्यावर नोटीस तिच्याच नावाने येईल.